लेक्लेरने फेरारी सोडायला हवी होती का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: २०२२ च्या फॉर्म्युला वन मोसमात फेरारीच्या स्ट्रॅटेजीने, म्हणजे कधी थांबायचं आणि कुठले टायर घालायचे या निर्णयांनी, त्यांचा ड्रायव्हर शार्ल लेक्लेरचं विजेतेपद घालवलं. इतक्या ढळढळीत चुका करणाऱ्या टीममध्ये तो अजून का थांबलाय? हॅमिल्टनने जशी वेळीच मॅक्लारेन सोडली, तशी त्याने फेरारी सोडायला नको होती का? आणि जाता जाता एक उपप्रश्न: स्ट्रॅटेजीचं हे काम घरी बसून शिकता येतं का?

आधी माझ्याबद्दल दोन शब्द, म्हणजे मी कुठून बोलतोय ते कळेल. फॉर्म्युला वनच्या पिट वॉलवर, म्हणजे टायर बदलायला गाडी जिथे आत येते त्या पिटलगतच्या, टीमचे निर्णय होतात त्या कट्ट्यावर, मी कधी बसलेलो नाही. पुण्यात मेकॅनिकल केलं, काही वर्षं चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर काढली आणि नंतर इंग्लंडमध्ये एन्ड्युरन्स (कित्येक तास चालणाऱ्या) आणि खालच्या फॉर्म्युला शर्यतींमध्ये रेस इंजिनिअर म्हणून काम केलं. पंधराएक वर्षं झाली. पैसा आणि माणसं फॉर्म्युला वनच्या शंभराव्या हिश्शाची असतील, पण "आत ये" की "बाहेरच राहा" हे दहा सेकंदांत ठरवायची वेळ आली की पोटात पडणारा खड्डा तेवढाच असतो.

आता मुद्दा. तुम्ही एक प्रश्न विचारलाय असं वाटतं, पण त्यात दोन आहेत, आणि त्या दोघांना जोडणारं एक गृहीतक आहे. पहिला: फेरारीच्या स्ट्रॅटेजीमुळे विजेतेपद गेलं का? दुसरा: ड्रायव्हरने टीम कधी सोडावी? आणि गृहीतक असं की पहिल्याचं उत्तर "हो" आलं की दुसऱ्याचं आपोआप मिळतं. माझा आक्षेप या गृहीतकाला आहे.

पहिल्यापासून सुरू करू, आणि त्यासाठी सरळ हिशोब मांडू. २०२२ अखेर विजेत्या, रेड बुलच्या व्हर्स्टापनचे ४५४ गुण, लेक्लेरचे ३०८. फरक १४६. लोक ज्या तीन शर्यतींवरून फेरारीला शिव्या घालतात त्या म्हणजे मोनॅको, सिल्व्हरस्टोन आणि हंगेरी. तिन्ही लेक्लेर जिंकला असता असं उदारपणे धरा. मोनॅकोत चौथा आला, म्हणजे २५ ऐवजी १२, गेले १३. सिल्व्हरस्टोनला पुन्हा चौथा, आणखी १३. हंगेरीत सहावा, ८ गुण; गेले १७. एकूण ४३. शिवाय लेक्लेर वर सरकला की व्हर्स्टापन खाली येतो: हंगेरीत तो जिंकला होता, तिथे त्याचे ७ कमी, मोनॅकोत तिसऱ्याचा चौथा, ३ कमी. म्हणजे स्ट्रॅटेजीच्या खात्यावर फार तर ५३. फरकाच्या एक तृतीयांशाच्या जरा वर.

उरलेलं कुठे गेलं? स्पेन आणि बाकू, दोन्हीकडे लेक्लेर पुढे असताना इंजिन गेलं. पन्नास गुण. फ्रान्समध्ये पोल रिकार्डला पहिल्या क्रमांकावर असताना त्याने स्वतः गाडी भिंतीत घातली. पंचवीस. इमोलाला व्हर्स्टापनचा रेड बुलमधला जोडीदार पेरेझ, त्याच्या मागे लागून कर्बवरून फिरला आणि तिसऱ्याचा सहावा झाला. सात. स्पेन, बाकू आणि फ्रान्स या तीन जागी व्हर्स्टापनला मिळालेली बढतीही काढून घ्या, प्रत्येकी ७. सगळं जमेला धरलं, एकही चूक नाही, एकही इंजिन नाही गेलं, तर लेक्लेर जेमतेम दहा गुणांनी पुढे राहतो. तेही रेड बुलकडून काहीच बिघडलं नाही असं न धरता, आणि त्यांच्याकडे तर मोसमाच्या सुरुवातीला बिघाड झालेच होते. व्हर्स्टापनने २२ पैकी १५ शर्यती जिंकल्या त्या वर्षी.

हा हिशोब फेरारीला सोडवण्यासाठी नाही. स्ट्रॅटेजीची चूक दिसते, एवढंच सांगायचंय. ती रेडिओवर ऐकू येते, तिची क्लिप फिरते. इंजिनातला बिघाड धूर सोडून गप्प बसतो, आणि मोसमाच्या मध्यावर गाडीचा विकास दोन दशांश सेकंदांनी मागे पडला तर त्याची क्लिप कुणी बनवत नाही. म्हणून आपण स्ट्रॅटेजीला तिच्या वजनापेक्षा जास्त मोजतो.

तरी त्या चुका होत्याच. पण कुठली चूक नेमकी कुठे झाली, हे बहुतेकांनी चुकीचं वाचलंय, आणि माझ्या धंद्यात हेच वाचायला शिकावं लागतं.

मोनॅको घ्या. पाऊस पडून गेलेला, सगळे पूर्ण पावसाळी टायरवर, लेक्लेर पोलवरून, म्हणजे सुरुवातीच्या पहिल्या जागेवरून, पुढे. ट्रॅक वाळत चालला होता. अशा वेळी दोन रस्ते असतात: पावसाळी टायर काढून मधले, म्हणजे इंटर्स घालायचे आणि नंतर पुन्हा थांबून स्लिक, म्हणजे कोरड्या ट्रॅकचे गुळगुळीत टायर, घालायचे, किंवा दात-ओठ खाऊन पावसाळी टायरवरच राहायचं आणि थेट स्लिकवर जायचं. पेरेझ सोळाव्या लॅपला इंटर्ससाठी आत आला. लेक्लेरला अठराव्या लॅपला बोलावलं, तोवर पेरेझने ताज्या टायरवर वेळ कमावली होती आणि तो पुढे निघून गेला. लेक्लेरचा फेरारीतला जोडीदार साइन्झ, त्याने मात्र इंटर्स नको असं रेडिओवर ठामपणे सांगितलं आणि एकविसाव्या लॅपला थेट हार्ड स्लिक घातले (स्लिक तीन प्रकारचे: सॉफ्ट वेगवान पण लवकर झिजणारे, हार्ड टिकाऊ पण हळू, मीडियम मधले). त्याच लॅपला लेक्लेरलाही आत बोलावलं, मग अगदी शेवटच्या क्षणी "स्टे आउट" सांगितलं, पण तोवर गाडी पिट लेनमध्ये शिरली होती. साइन्झच्या मागे उभं राहावं लागलं. लेक्लेर रेडिओवर ओरडला, आणि ती क्लिप सगळ्यांनी पाहिली.

क्लिप एकविसाव्या लॅपची आहे. शर्यत गेली ती अठराव्याला. पेरेझच्या आधी जायचं होतं किंवा साइन्झसारखं जायचंच नव्हतं; पेरेझच्या नंतर दोन लॅपनी जाणं हा तिसरा आणि सगळ्यात वाईट पर्याय, कारण त्यात थांबण्याची किंमत मोजायची आणि बदल्यात काही मिळवायचं नाही. वरातीमागून घोडं. आणि माहिती समोरच होती: गॅस्ली कितीतरी आधी इंटर्सवर गेला होता आणि मोनॅकोसारख्या अरुंद रस्त्यावर लोकांना मागे टाकत होता. वाळणाऱ्या ट्रॅकवर पहिला प्रयोग नेहमी मागच्या गाड्या करतात, कारण त्यांच्याकडे गमावण्यासारखं काही नसतं. पुढच्याने मागच्यांकडे डोळे लावून बसायचं असतं.

पुढे असणं म्हणूनच अवघड. साधारण परिस्थितीत पिटस्टॉपला ट्रॅकनुसार वीसएक सेकंद जातात. अपघातानंतर सगळ्यांचा वेग आवरणारी सेफ्टी कार आली की बाकीचे हळू चालत असल्यामुळे ही किंमत निम्म्याच्या आसपास येते. पुढचा ड्रायव्हर आत आला तर मागचा बाहेर राहणार, तो बाहेर राहिला तर मागचा आत येणार. त्याची चाल आधी, मागच्याची नंतर. सिल्व्हरस्टोनला हेच झालं. ओकॉनची गाडी बंद पडली, सेफ्टी कार आली, फेरारीच्या दोन्ही गाड्या पुढे पण एकमेकींच्या इतक्या जवळ की दोघांना एकामागे एक थांबवलं तर दुसरा फसणार. त्यांनी साइन्झला नवे सॉफ्ट दिले आणि लेक्लेरला जुन्या हार्डवर बाहेर ठेवलं. साइन्झ कारकिर्दीतली पहिली शर्यत जिंकला. मला विचाराल तर एकालाच थांबवणं समजू शकतो. पण विजेतेपदाच्या शर्यतीत असलेल्याला बाहेर ठेवून दुसऱ्याला नवे टायर, हे नाही समजत. तिथे टीमने "आपली" शर्यत कुठली हेच ठरवलेलं नव्हतं.

हंगेरी मात्र जास्त मजेशीर आहे, आणि त्याकडे मी शेवटी परत येणार आहे. लेक्लेरने मीडियमवर सुरुवात केली, दुसऱ्यांदाही मीडियमच घातले. कोरड्या शर्यतीत दोन वेगळ्या प्रकारचे टायर वापरावेच लागतात, त्यामुळे तिसऱ्या टप्प्याला सॉफ्ट नाहीतर हार्ड, एवढंच उरलं. एकोणचाळिसाव्या लॅपला त्याला आत बोलावलं. शर्यत सत्तर लॅपची. एकतीस लॅप सॉफ्ट टिकणार नाहीत, म्हणून हार्ड. हवा थंड होती, हार्ड तापेचनात, आणि अल्पिनच्या गाड्या त्याच टायरवर घसरताना सगळ्या जगाला दिसत होत्या. सगळे म्हणतात "हार्ड घालणं चूक". मी म्हणतो, एकोणचाळिसाव्या लॅपला आत बोलावणं चूक. व्हर्स्टापन एक लॅप आधी थांबला होता, ताज्या टायरवर वेळ कमावून पुढे निघायला (याला अंडरकट म्हणतात), म्हणून त्याला उत्तर द्यायला गेले. लेक्लेरला मीडियमवर आणखी राहायचं होतं. तो राहिला असता तर सॉफ्टचा दरवाजा उघडला असता. अर्थात, साइन्झने हार्डला हातही लावला नाही आणि तरी तो चौथाच आला. म्हणजे वर मी उदारपणे धरलेला विजय फारच उदार होता.

मोनॅको आणि हंगेरी एकत्र पाहिलं की जे दिसतं ते असं: टीम स्वतःची शर्यत चालवत नव्हती, दुसऱ्याच्या चालीला उत्तर देत होती. हे फेरारीत नवं नाही. २०१० ची अबू धाबी आठवा. मोसमाची शेवटची शर्यत; फेरारीचा अलोन्सो २४६ गुणांवर, रेड बुलचे वेबर २३८ आणि व्हेटेल २३१. व्हेटेल जिंकला तरी अलोन्सोला चौथा क्रमांक पुरत होता. वेबर अकराव्या लॅपला थांबला. फेरारीची नजर वेबरवर खिळली आणि त्यांनी अलोन्सोला पंधराव्याला बोलावलं. तो वेबरच्या पुढे राहिला खरा, पण पहिल्याच लॅपच्या सेफ्टी कारमध्ये थांबून घेतलेल्या पेट्रोव्हच्या मागे अडकला आणि चाळीस लॅप तिथेच राहिला. सातवा. व्हेटेल चार गुणांनी विजेता. नको त्या प्रतिस्पर्ध्यावर पहारा ठेवला आणि चोर मागच्या दाराने गेला.

याच्या उलट एक गोष्ट सांगतो, कारण निकाल वाईट म्हणजे निर्णय वाईट असं मानण्याची सवय आपल्या सगळ्यांना आहे. २०२१ च्या अबू धाबीत शेवटी शेवटी लतिफी धडकला तेव्हा मर्सिडीजने हॅमिल्टनला बाहेर ठेवलं. तो आत आला असता तर व्हर्स्टापन बाहेर राहून पुढे गेला असता, आणि शर्यत सेफ्टी कारच्या मागेच संपण्याची शक्यता खरी होती. त्या क्षणी उपलब्ध माहितीवर तो निर्णय मी पण घेतला असता. नंतर मधल्या मोजक्या गाड्यांनाच पुढे जाऊ दिलं गेलं, एक लॅप शर्यत झाली, आणि ताज्या टायरवरच्या व्हर्स्टापनने हॅमिल्टनला मागे टाकून विजेतेपद नेलं. तो स्ट्रॅटेजीचा दोष नव्हता.

माझी स्वतःची सगळ्यात मोठी चूक सहा तासांच्या एका एन्ड्युरन्स शर्यतीतली आहे. पाऊस थांबलेला, ट्रॅकचा एक अर्धा भाग कोरडा, दुसरा ओला. ड्रायव्हर सांगत होता, स्लिक द्या. मला पटत होतं. टीमचा मालक म्हणाला एक लॅप थांबू. दुसऱ्या इंजिनिअरने रडारवर एक ढग दाखवला. तिघांची चर्चा संपेपर्यंत गाडी पिटच्या तोंडावरून दोनदा गेली. ढग आलाच नाही. शर्यतीनंतर मी तक्ता काढून पाहिला तर निर्णय आमचा बरोबर होता, फक्त दोन लॅप उशिरा. त्यानंतर जिथे जिथे काम केलं तिथे पहिली अट घातली: पावसात एकच माणूस ठरवणार, आणि तो कोण हे शर्यतीच्या आधी ठरणार. ऐकायला बाळबोध वाटेल. पण अडखळणाऱ्या टीमच्या रेडिओवर कान देऊन ऐका, नव्वद टक्के वेळा तिथे हुशारी कमी नसते, तिथे शेवटचा शब्द कुणाचा हेच ठरलेलं नसतं.

म्हणजे इथपर्यंत: चुका होत्या, पण त्यांनी एकट्यांनी विजेतेपद घालवलं नाही, आणि त्या चुकांचं मूळ गणितात नव्हतं, निर्णय घेण्याच्या पद्धतीत होतं. हा दुसरा भाग महत्त्वाचा, कारण पद्धत सुधारता येते. कमी ताकदीचं इंजिन दोन-तीन वर्षं सुधारत नाही.

आता ड्रायव्हरकडे वळू.

तुम्ही हॅमिल्टनचं उदाहरण दिलंत. ते उदाहरण नीट पाहिलं तर तुमच्या विरुद्ध जातं. २०१२ ची मॅक्लारेन वेगवान होती, त्या वर्षी तिने सात शर्यती जिंकल्या. चुकाही होत्या: स्पेनमध्ये गाडीत पुरेसं इंधन न ठेवल्यामुळे हॅमिल्टनचा पोल गेला आणि तो सगळ्यात मागून निघाला, सिंगापूरला पुढे असताना गिअरबॉक्स गेला आणि त्यानंतर आठवड्याच्या आत, २८ सप्टेंबरला, मर्सिडीजची घोषणा झाली. बाहेरून पाहणाऱ्याला वाटलं वैतागून सोडली. पण वैतागून सोडणारा माणूस अशा टीममध्ये जात नाही, जिने २०१० मध्ये परतल्यापासून एकच शर्यत जिंकलेली आहे. बरेच लोक हसले होते तेव्हा. मर्सिडीजचे रॉस ब्रॉन आणि निकी लाउडा त्याला जे पटवत होते ते २०१३ चं नव्हतं. २०१४ ला इंजिनाचे नियम मुळापासून बदलणार होते, आणि मर्सिडीज स्वतःचं इंजिन स्वतः बनवत होती. २०१३ मध्ये तो फक्त हंगेरीची शर्यत जिंकला. २०१४ मध्ये मर्सिडीजने १९ पैकी १६ जिंकल्या. मॅक्लारेन २०१२ च्या ब्राझीलनंतर थेट २०२१ च्या मॉन्झापर्यंत एकही शर्यत जिंकली नाही.

थोडक्यात, तो चुकांपासून पळाला नाही, नियमांच्या वळणाकडे गेला.

अलोन्सोचं उलट. त्याच्याइतकं शर्यत वाचणारं डोकं गेल्या वीस वर्षांत क्वचितच झालं असेल, आणि तरी २००६ नंतर त्याला विजेतेपद नाही. २०१४ नंतर फेरारी सोडून तो मॅक्लारेनमध्ये होंडासाठी गेला. पहिल्या वर्षी टीम नववी, २७ गुण. जपानमध्ये होंडाच्याच अंगणात त्याने रेडिओवर "जीपी टू इंजिन" (म्हणजे खालच्या श्रेणीच्या गाडीचं इंजिन) म्हणून आरडाओरडा केला, तो आजही लोकांच्या तोंडी आहे. पण गंमत बघा: होंडाबद्दलचा त्याचा अंदाज चुकला नव्हता. त्याच होंडाच्या इंजिनावर २०२१ मध्ये व्हर्स्टापन विजेता झाला. अलोन्सोचा फक्त काळ चुकला. बस बरोबर पकडली, पण सहा वर्षं आधी, आणि मधल्या थांब्यावर उतरला. आता अॅस्टन मार्टिनमध्ये २०२६ पासून पुन्हा होंडाच. हा योगायोग मला दरवेळी हसवतो.

रिकार्डोवर लोक फार लिहितात, मी थोडक्यात लिहितो. २०१८ मध्ये चीन आणि मोनॅको जिंकलेला माणूस रेड बुल सोडून रेनोत गेला. टीमचा कल व्हर्स्टापनकडे झुकतोय हे त्याला दिसत होतं, आणि होंडाचं इंजिन येणार होतं, ज्याचं तेव्हाचं नाव अलोन्सोनेच बिघडवून ठेवलेलं. त्याच्या जागी मी असतो तर मलाही भीती वाटली असती. पण एका घरात दुसऱ्या क्रमांकाचा होण्याच्या भीतीने तो अशा घरात गेला जिथे पहिला क्रमांक मिळाला, पण शर्यत जिंकता येत नव्हती. नंतर मॅक्लारेन, मॉन्झाचा एक सुंदर विजय, आणि मग करार वर्षभर आधीच संपवला गेला.

आणि हे सगळं बोलताना एक गोष्ट विसरायची नाही: जागा. २०२५ पर्यंत दहा टीम, वीस जागा. २०२६ ला कॅडिलॅक आल्यावर बावीस. त्यातल्या जिंकू शकणाऱ्या चार-सहा. "सोडावी का" हा प्रश्न नेहमी "कुठे जायला" या प्रश्नाच्या मागे उभा असतो. जुलै २०२२ च्या अखेरीस अॅस्टन मार्टिनच्या व्हेटेलने निवृत्ती जाहीर केली, चार दिवसांत अलोन्सोने अॅस्टन मार्टिन पकडली, दुसऱ्या दिवशी अल्पिनने पियास्त्रीचं नाव जाहीर केलं, आणि त्या पोराने उलट सांगितलं की मी येत नाही. प्रकरण करार तपासणाऱ्या मंडळाकडे गेलं, निकाल मॅक्लारेनच्या बाजूने लागला. एका माणसाच्या निवृत्तीने महिन्याभरात तीन कारकिर्दी हलल्या. साइन्झने तर काहीच चुकवलं नव्हतं. हॅमिल्टन फेरारीत येतोय एवढंच त्याला सांगितलं गेलं, आणि तो विल्यम्समध्ये गेला. तिथून २०२५ मध्ये बाकू आणि कतारला तिसरा येऊन पोडियमवर उभा राहिला. त्याच वर्षी त्याच्या जागी बसलेल्या हॅमिल्टनला एकाही ग्रां प्रीत पोडियम मिळाला नाही.

खालच्या पायऱ्यांवर तर ही गर्दी आणखी क्रूर. आपल्या मुंबईचा जहान दारूवाला रेड बुलच्या ज्युनिअर कार्यक्रमात होता, फॉर्म्युला टूमध्ये शर्यती जिंकला, मॅक्लारेनची गाडी चाचणीत चालवून आला. जागा मिळाली नाही. तो फॉर्म्युला ईकडे वळला. त्याच्या निर्णयांत कुठे चूक झाली असं विचारणाऱ्यांना मी म्हणतो, वीस खुर्च्या मोजा आणि मग सांगा.

मी स्वतः या बाबतीत एक सल्ला चुकीचा दिलाय, तोही सांगून टाकतो. खालच्या फॉर्म्युलात खेळणाऱ्या एका मुलाला टीमने पात्रता फेरीत इतक्या उशिरा सोडलं की त्याचा शेवटचा लॅप सुरू होण्याआधीच झेंडा पडला. रात्री वडिलांचा पुण्याहून फोन. "साहेब, असल्या गलथान लोकांकडे मुलगा ठेवायचा नाही आता." मी त्यांना समजावलं, घड्याळाची चूक ही दुरुस्त होणारी चूक आहे, त्याचा इंजिनिअर उत्तम आहे, थांबा. ते थांबले. पुढच्या मोसमाआधी जानेवारीत तो उत्तम इंजिनिअरच दुसरीकडे गेला. मुलाचं वर्ष वाया गेलं. माझं तत्त्व चुकलं असं अजूनही वाटत नाही, पण मी एक प्रश्न विचारायला विसरलो होतो: हा माणूस पुढच्या वर्षी इथेच आहे का? तेव्हापासून कुणी टीम बदलण्याबद्दल विचारलं की मी गाडीच्या आधी माणसांची यादी मागतो. कोण येतंय, कोण जातंय, कुणाची नोटीस चालू आहे.

त्या चष्म्यातून फेरारीकडे पाहा. २०२२ संपताना टीमचे प्रमुख बिनोत्तो गेले, जानेवारी २०२३ मध्ये त्यांच्या जागी फ्रेड व्हासर आले, स्ट्रॅटेजीचं प्रमुखपदही बदललं. परिणाम दिसला का? मॉन्झा २०२४. मॅक्लारेन वेगवान होत्या, लेक्लेर चौथ्या जागेवरून निघाला, आणि फेरारीने त्याला एकाच थांब्यावर शेवटपर्यंत नेलं. पियास्त्री दोन थांबे करून मागून आला, पण पोचला नाही. पहा, इथे फेरारी कुणाला उत्तर देत नव्हती. मॅक्लारेन काय करते ते पाहूनही त्यांनी आपलाच बेत सोडला नाही. त्या वर्षी सांघिक विजेतेपद फक्त चौदा गुणांनी हुकलं. जानेवारी २०२४ मध्ये लेक्लेरने करार वाढवला तेव्हा त्याला आतून ही सुधारणा दिसत असणार. मला तो निर्णय तेव्हा बरोबर वाटला होता.

मग २०२५ ला फेरारीने एकही ग्रां प्री जिंकली नाही. पण ती गाडीच मागे पडली होती, पिट वॉल नव्हे. आणि त्याच वर्षी सगळ्यात ढळढळीत स्ट्रॅटेजीची चूक कुणी केली? मॅक्लारेनने. कतारला एका टायरवर जास्तीत जास्त २५ लॅपची मर्यादा होती, शर्यत ५७ लॅपची. सातव्या लॅपला सेफ्टी कार आली. ५७ मधून ७ गेले ५०, म्हणजे बरोबर दोन पूर्ण टप्पे. जवळपास सगळे आत आले, मॅक्लारेनच्या दोन्ही गाड्या बाहेर राहिल्या. व्हर्स्टापन जिंकला, पियास्त्री दुसरा, नॉरिस चौथा. चौथीतल्या पोराला जमेल असा भागाकार. तरी पुढच्या शर्यतीत नॉरिस दोन गुणांनी विजेता झाला, कारण गाडी वर्षभर पुरेशी चांगली होती. या एका चुकीसाठी नॉरिसने मॅक्लारेन सोडावी असं कुणी म्हणेल का?

तेव्हा तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर: २०२२ च्या चुकांसाठी लेक्लेरने फेरारी सोडायला नको होती, आणि त्याने सोडली नाही हे बरोबर केलं. पण २०२६ पासून इंजिनाचे नियम पुन्हा मुळापासून बदललेत, २०१४ सारखे. सोडायचं कारण मिळालंच तर ते इथे मिळेल: नव्या नियमांत मारानेल्लोचं, म्हणजे फेरारीच्या कारखान्याचं, इंजिन आणि गाडी पहिल्या वर्षात कुठे उभी राहते, आणि तिथली माणसं टिकतात का. हे त्याला आपल्यापेक्षा सहा महिने आधी कळतं. आणि त्यानंतरही कुठे जागा रिकामी आहे, यावर निम्मं अवलंबून. मोनॅकोच्या पोराचं फेरारीवरचं प्रेम हा घटक मी हिशोबात धरलेला नाही. तो धरायला माझ्याकडे तक्ता नाही.

राहिला उपप्रश्न. हो, घरी बसून बरंच शिकता येतं. एखादी जुनी शर्यत लावा, निकाल आठवत नसेल तर उत्तम. प्रत्येक पिटस्टॉपच्या आधी थांबवा आणि कागदावर लिहा: आत की बाहेर, कुठले टायर, आणि का. "का" लिहिल्याशिवाय पुढे चालवू नका, कारण निकाल कळल्यावर आपण सगळेच हुशार होतो आणि आपलं आधीचं मत काय होतं ते सोयीस्कर विसरतो. थेट शर्यत बघताना केलं तर आणखी बरं, कारण तिथे थांबवता येत नाही.

माझी ही सवय जुनी आहे, वह्या भरल्यात. वर हंगेरीबद्दल इतकं शहाणपण सांगितलं म्हणून परवा २०२२ ची वही काढून पाहिली. ३१ जुलै, लॅप ३८, व्हर्स्टापन आत. त्याखाली माझ्या अक्षरात: "पुढच्या लॅपला आत घ्या, अंडरकट वाचवा. हार्ड." अल्पिनचा उल्लेख कुठेच नाही.